स्प्रिंग अर्धी कापली तर?

नमस्कार श्रोतेहो.

रद्दीवाल्याच्या हातातला ताणकाटा आठवा. वर कडी, खाली आकडा, मधे पट्टी आणि पट्टीवर किलोच्या खुणा. काटा मारतोय की काय, या संशयात आपलं सगळं लक्ष असतं, त्यामुळे त्या खुणांकडे कुणी नीट पाहत नाही. एक आणि दोन किलोच्या मधे जेवढी जागा, तेवढीच सात आणि आठच्या मधे. वजन वाढलं म्हणून खुणा दाटत नाहीत की विरळ होत नाहीत. रबराचा काटा करून पाहा, अशा सारख्या खुणा जमायच्या नाहीत. स्प्रिंग मात्र हिशेबाला पक्की. दुप्पट भार टांगला की दुप्पट लांबते, तिप्पट टांगला की तिप्पट.

हे पहिल्यांदा नेमकेपणानं मांडलं रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानं. आणि मांडलं ते मोठ्या गमतीनं. 1676 साली त्यानं फक्त चौदा अक्षरं छापली, तीही वर्णमालेच्या क्रमानं लावून, म्हणजे कुणाला काही कळू नये. दोन वर्षांनी, 1678 साली, त्यानं कोडं उलगडलं. ती अक्षरं जुळवून एक लॅटिन वाक्य तयार होत होतं. अर्थ एवढाच: जसा ताण, तसं बल. शोध आपल्या नावावर नोंदवायचा, पण गुपित फोडायचं नाही, अशी ही युक्ती होती. हूक थोडा संशयी होता खरा, पण त्याला कारणही होतं. घड्याळाची चाल नियमित ठेवणाऱ्या स्प्रिंगचं श्रेय कुणाचं, यावरून 1675 मध्ये त्याचा आणि डच शास्त्रज्ञ हायगेन्सचा चांगलाच खटका उडाला होता.

शाळेत आपण हा नियम सूत्रात शिकतो: बल बरोबर के गुणिले वाढलेली लांबी. यातला 'के' म्हणजे त्या स्प्रिंगचा कडकपणा. समजा, एक किलोचं वजन टांगल्यावर स्प्रिंग दोन सेंटिमीटर लांबली. एक किलोवर पृथ्वीची ओढ सुमारे 9.8 न्यूटन. त्याला 0.02 मीटरनं भागा. उत्तर येतं 490 न्यूटन प्रति मीटर. गणित इथंच संपतं, आणि बहुतेकांचं कुतूहलही. माझ्या मते खरी मजा याच्या पुढं आहे.

आता तीच स्प्रिंग मधोमध कापली. एका तुकड्याचा 'के' किती? स्प्रिंग अर्धी झाली, म्हणजे कडकपणाही अर्धा, 245, असं पटकन तोंडात येतं. प्रत्यक्षात तो दुप्पट होतो, 980! कारण असं: टांगलेला भार वेढ्यांमध्ये वाटला जात नाही. प्रत्येक वेढ्याला तो पूर्णच्या पूर्ण पेलावा लागतो, आणि त्या भारानं प्रत्येक वेढा थोडाथोडा उघडतो. या थोड्याथोड्याची बेरीज म्हणजे स्प्रिंगची एकूण वाढ. वेढे निम्मे राहिले, तर बेरीजही निम्मी. तेच एक किलो आता तिला एकच सेंटिमीटर लांबवतं. म्हणून तर कार जमिनीलगत बसावी या हौसेपोटी जे लोक तिच्या स्प्रिंगचे वेढे कापून घेतात, त्यांची कार खाली येतेच, पण धक्केही जास्त द्यायला लागते.

थोडक्यात, 'के' हा पोलादाचा गुण नव्हे, त्या विशिष्ट स्प्रिंगचा गुण आहे. बॉलपेनमधली स्प्रिंग काढून हलकेच ओढा. ती लांबते, पण तिची तार काही लांबत नाही. मग होतं काय? ओलं धोतर पिळावं तशी ती तार, अगदी किंचित, स्वतःभोवती पिळली जाते. या पिळाला विरोध करण्याची ताकद तारेच्या जाडीवर अवलंबून असते, आणि तीही साधीसुधी नाही, जाडीच्या चौथ्या घातानं. एक मिलिमीटरची तार 1.2 मिलिमीटर केली आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तर कडकपणा दुपटीच्याही थोडा वर जातो. वेढ्याचा व्यास दुप्पट केला, तर उलट तो आठव्या हिश्श्यावर येतो. नुसत्या डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या दोन स्प्रिंगा हाताला इतक्या वेगळ्या लागतात, त्या यामुळे.

या नियमाला एक मर्यादा आहे. ओढ प्रमाणाबाहेर गेली की तारेचा पीळ पूर्ण उलगडत नाही, भार काढल्यावरही स्प्रिंग लांबलेलीच राहते. मग काट्याचं शून्य शून्यावर येत नाही. ताणकाट्यावर जास्तीत जास्त किती किलो तोलायचं ते लिहिलेलं असतं, ते पाळायचं ते म्हणूनच. पोलादाला नीट पाणी दिलं तर ही मर्यादा बरीच पुढं सरकते. 'के' मात्र जवळजवळ होता तेवढाच राहतो, याचं भल्याभल्यांना आश्चर्य वाटतं.

आता मोटारसायकलवाल्यांसाठी. मागं दोघं बसायला लागले की आपण गॅरेजमध्ये जातो आणि म्हणतो, शॉकअप जरा टाइट करून द्या. मेकॅनिक स्प्रिंगच्या टोकाची कडी एक-दोन खाचा पुढं फिरवतो. स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते. गाडी उंच होते, खड्ड्यात तळाला आपटत नाही, आणि आपल्याला वाटतं स्प्रिंग कडक झाली. पण तारेची जाडी तीच, व्यास तोच, वेढे तेवढेच, म्हणजे 'के'ही तोच. पुढच्या प्रत्येक मिलिमीटरसाठी लागणारं बल पूर्वीएवढंच आहे. दाब फक्त वरच्या पायरीवरून सुरू होतो. काही गाड्यांच्या स्प्रिंगा एका टोकाला दाट वेढ्यांच्या असतात. भार वाढला की ते दाट वेढे एकमेकांना टेकतात आणि कामातून बाद होतात. कामाचे वेढे कमी, म्हणून तिथून पुढं स्प्रिंग खरोखरच कडक होत जाते. तुमच्या गाडीची स्प्रिंग सगळीकडे सारख्याच वेढ्यांची असेल आणि तुम्हाला ती खरंच कडक हवी असेल, तर खाचांवर भागणार नाही. जाड तारेची दुसरी स्प्रिंग बसवावी लागेल.

नमस्कार.