ईम गावची नोंदवही

नमस्कार, श्रोतेहो.

इंग्लंडात डार्बीशरच्या डोंगराळ भागात एक गाव आहे. त्याची इंग्रजी अक्षरं आपण 'एयाम' अशी वाचू, पण गावकरी म्हणतात 'ईम'. एयाम म्हणालात की ओळखतात, पाहुणा आलाय. १०८६ साली राजानं मुलखातली जमीन, नांगर, माणसं मोजून घेतली, त्या डूम्सडे बुकात हेच गाव 'आयुने' म्हणून लिहिलंय. पुढे ज्या कारकुनाला जसं ऐकू आलं तसं तो लिहीत गेला. गावाचं काही अडलं नाही. नावाच्या पाट्या बदलण्यात जेवढा पैसा जातो तेवढ्यात दोन-चार रस्ते धड होतील, असं माझं जुनं मत आहे, पण ते राहू द्या.

गावाची खरी कुंडली असते ती चर्चच्या नोंदवहीत. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री, त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं १५३८ साली हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशनं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीनं, वही ठेवायची. आठवडाभरातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं रविवारी लिहायची. वही पेटीत, पेटीला दोन कुलपं. लोकांना वाटलं, झालं, आता नवा कर येणार! लक्षात घ्या, या वहीत जन्म नाही, बाप्तिस्मा असतो. मृत्यू नाही, दफन असतं. जन्म वेगळा, बाप्तिस्मा वेगळा. आणि बाळाच्या आईचं नाव? पुष्कळदा नाहीच. आपल्याकडचे कुलवृत्तांत काढून बघा, घरच्या लेकी एका ओळीत उरकलेल्या असतात. छापणाऱ्यांना मी हे तोंडावर सांगितलंय.

तर ईम. सप्टेंबर १६६५. लंडनहून कापडाचं गाठोडं आलं, असं सांगतात, आणि त्यातून प्लेगच्या पिसवा. शिंप्याकडे कामाला असलेला जॉर्ज विकर्स पहिला गेला. दफन ७ सप्टेंबर. पुढच्या उन्हाळ्यात विल्यम मॉम्पेसन आणि थॉमस स्टॅनली या दोन धर्मगुरूंच्या सांगण्यावरून, साथ बाहेर पसरू नये म्हणून, गावानं स्वतःला कोंडून घेतलं. शिवेवरच्या दगडाच्या खळग्यात व्हिनेगर, नाण्यांतून रोग जाऊ नये म्हणून ती त्यात टाकायची, बाहेरच्यांनी त्या बदल्यात धान्य ठेवून जायचं. त्या ऑगस्टमध्ये एलिझाबेथ हॅनकॉक या बाईनं आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. मॉम्पेसनची बायकोही गेली. मेलेल्यांच्या यादीत साधारण २६० नावं.

आता मला जे सांगायचंय ते. ही यादी ज्या वहीतून आली ती त्या दिवसांत लिहिलेली मूळ वही नाही. नक्कल आहे. पुन्हा सांगतो, नक्कल. १७०५च्या सुमारास ती उतरवून काढली जोसेफ हंट नावाच्या धर्मगुरूनं. आणि हा हंट म्हणजे काय वल्ली होता!

ईमला शिशाच्या खाणी. खाणकामगारांचा गुत्ता होता, त्या गुत्तेवाल्याला मूल झालं. बाप्तिस्म्याला हंटला बोलावलं. बाप्तिस्मा झाला, मग पेले भरले. उठायचं कोणी नावच घेईना. गुत्तेवाल्याची तरुण मुलगी ॲन पेले आणून देत होती. हंटसाहेबांनी तिची तारीफ सुरू केली. कोणीतरी म्हणालं, एवढी आवडलीय तर लग्न करून टाका की! हंट म्हणाला, करतो! प्रार्थनेचं पुस्तक होतंच. एकानं ते उघडलं, लग्नाचा विधी वाचला, दोघांनी "होय, होय" म्हटलं, सगळा गुत्ता हसून लोटपोट. थट्टाच ती.

ही थट्टा बिशपच्या कानावर गेली. बिशपला काही हसू आलं नाही. त्यानं फर्मावलं, विधी वाचलास ना? मग आता रीतसर लग्न कर. केलं बिचाऱ्यानं. इथं गोष्ट संपायची, पण डार्बीमध्ये एक बाई होत्या, चांगल्या घरच्या. त्यांच्याशी याचं आधीच ठरलेलं! त्यांनी वचनभंगाचा दावा ठोकला. वकील, तारखा, खर्च. हंट कर्जात बुडाला आणि पकडायला कोर्टाचे बेलीफ दारात. तेव्हा त्यानं काय करावं? चर्चला लागून जी खोली असते, पाद्र्यांचे झगे ठेवायची, तिथं तो राहायला गेला. देवाच्या घरातून पकडून नेणार कोण? बाकीचं आयुष्य म्हणे तिथंच काढलं, बायकोसह. ॲननं संसार केला त्याच्याबरोबर, हे विशेष. आपल्याकडच्या लाखालाखाच्या प्री-वेडिंग शूटवाल्यांनी ऐकून ठेवावं.

ही गुत्त्याची गोष्ट गावात सांगोवांगी चालत आलेली आहे, तेव्हा तिखटमीठ धरूनच चाला. नक्कल मात्र खरी. माणूस असा, पण लिखाणाला बसला की नाव, तारीख, नाव, तारीख. आज चर्चमध्ये लोक ज्या नावांपुढे उभे राहतात, ती त्याच्या लेखणीतून उतरली आहेत.

नक्कल म्हटली की वाद आले. गावात माणसं होती किती? पूर्वी साडेतीनशे सांगायचे, म्हणजे चारांतले तीन गेले. मग संशोधकांनी वहीतले बाप्तिस्मे आणि दफनं मांडून हिशेब केला, तेव्हा गाव त्याहून बरंच मोठं निघालं. म्हणजे मेलेल्यांचं प्रमाणही तितकं भयंकर नव्हतं. मला हा दुसरा हिशेब पटतो. गावकऱ्यांना तो फारसा आवडत नाही.

वेळ होत आली. १८१३पासून इंग्लंडभर छापील नमुने आले, एकेक रकाना भरायचा, बस्स. जुन्या वह्या पाहायच्या असतील तर मॅटलॉकला डार्बीशरचं अभिलेखागार आहे. विचारताना गावाचं नाव तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या.

नमस्कार.