शेवटची वीस मिनिटं आणि बाकावरच्या पोरी

(ठाणे-नवी मुंबईतल्या मुलींच्या फुटबॉल संघांच्या प्रशिक्षकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०२२ साली मुलींच्या दोन मोठ्या फायनल झाल्या. ६ फेब्रुवारीला आशियाई चषकात चीनने दक्षिण कोरियाला ३-२ हरवलं. ३० ऑक्टोबरला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं, तेही ८२व्या मिनिटाच्या स्वयंगोलावर. दोन सामन्यांत मिळून सहा गोल, त्यातले चार ६८व्या मिनिटापासून पुढे. म्हणून आज मी फॉर्मेशनवर, म्हणजे मैदानावरच्या मांडणीवर, बोलणार नाही; बाकावर, म्हणजे बाहेर बसलेल्या राखीव खेळाडूंवर बोलणार आहे.

चीनचंच बघा. मध्यंतराला ०-२ असा मार खात होते. प्रशिक्षक शुई चिंगश्या यांनी झांग लिनयानला उतरवलं. ६८व्या मिनिटाला तांग जियालीची पेनल्टी, ७२व्याला झांगचं हेडर आणि इंजरी टाइममध्ये शियाओ युयीचा विजयी गोल. झांग आणि शियाओ दोघी बाकावरून आलेल्या.

आता नियम. पाच बदल्यांची मुभा असली तरी त्या करायला सामन्यात तीनच संधी मिळतात; एका थांब्यात कितीही मुली बदलल्या तरी ती एकच संधी. मध्यंतरातली बदली संधीत धरत नाहीत, म्हणजे ती फुकट. आपल्याकडे नेमकी तीच वाया जाते, कारण तेवढ्या वेळात भाषण चालू असतं. पन्नासाव्या, साठाव्या आणि पासष्टाव्या मिनिटाला एकेक मुलगी बदलली की संपलं. मग सत्तराव्या मिनिटाला कुणाच्या पोटरीत गोळा आला, तर बदल्या शिल्लक असूनही संघ दहावर खेळतो. एका संधीत दोघींना उतरवा आणि शेवटची संधी राखून ठेवा. स्थानिक स्पर्धांत आकडे वेगळे असतात, त्यामुळे आयोजकांचं पत्रक आधी वाचा.

उतरणारी मुलगी तयार नसते, ही दुसरी बोंब. खेळ थांबतो, चौथे पंच पाटी हातात घेतात आणि आपली मुलगी अजून शिनगार्ड शोधतेय! मग पुढच्या थांब्यापर्यंत वाट बघा. नाकातली चमकी, कानातले, हातातला धागा हे घरूनच काढून यायला सांगा. वरून टेप लावलेलं चालत नाही. बांगडी अडकली म्हणून साबण शोधत धावणारे पालक प्रत्येक मैदानावर दिसतात. बाहेर जाणारी सीमारेषेच्या जवळच्या ठिकाणाहून जाते. आत येणारी मध्यरेषेवरून, पंचांनी खूण केल्यावरच.

वॉर्मअप उतरायच्या किमान दहा मिनिटं आधी सुरू करा. आधी हलकं धावणं, मग बाजूला सरकत धावणं, शेवटी दहा-पंधरा मीटरचे तीन-चार जोरदार स्प्रिंट. नुसतं पाय ताणून बसवलेली मुलगी पहिल्याच धावेत मांडीचा स्नायू धरून बसते. नवी मुंबईच्या दमट हवेत घाम सुकतच नाही, शरीर थंड व्हायला वेळ लागतो आणि ताकद लवकर उतरते. विंगवरच्या (कडेने हल्ला करणाऱ्या) आणि फुलबॅकच्या (कडेने बचाव करणाऱ्या) पोरी लवकर थकतात, कारण त्यांना जोरात धावणं फार पडतं. चेंडूमागे परतताना चालायला लागली की समजा, बदलायची वेळ झाली. तिला विचारू नका, ती ‘खेळते सर’ असंच म्हणणार.

आणि बरोबरीत सुटलं तर? पेनल्टी शूटआउटमध्ये (निकालासाठी आळीपाळीने मारायच्या पेनल्टी किक) सामना संपताना मैदानावर असलेल्याच मुली किक घेऊ शकतात. चांगली किक मारणारी मुलगी ऐंशीव्या मिनिटाला बाहेर काढली, तर ती नंतर फक्त टाळ्या वाजवणार. याला अपवाद गोलकीपरचा: शूटआउटआधी किंवा त्यादरम्यान तिला खेळणं अशक्य झालं आणि बदल्यांचा कोटा शिल्लक असेल, तर बाकावरची घेता येते. म्हणून शेवटची एक बदली मी तरी गोलकीपरसाठी सांभाळायला सांगेन. आणि गोलकीपरला हे पाठ करून घ्या की किक होताना निदान एका पायाचा भाग गोलरेषेवर, रेषेच्या सरळीत किंवा मागे हवा. तो पुढे आला आणि तिने चेंडू अडवला, तर किक पुन्हा घेतली जाते. पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा पिवळं कार्ड.