पाम स्प्रिंग्ज: झऱ्याभोवतीचा एक चौरस मैल

पाम स्प्रिंग्ज म्हटले की निळेशार तरणतलाव, काचेच्या भिंतींची बैठी घरे आणि हॉलिवूडचे तारे डोळ्यांसमोर येतात. लॉस एंजेलिसपासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात हे शहर वसले ते मात्र गरम पाण्याच्या एका झऱ्यापाशी. इथले मूळ रहिवासी असलेल्या काहुइया लोकांच्या भाषेतील त्याच्या नावाचा अर्थ ‘उकळत्या पाण्याचा आवाज’ असा होतो. स्पॅनिश भाषेत तो ‘आग्वा कालिएन्ते’, म्हणजे गरम पाणी, झाला आणि झऱ्याची धनी असलेली काहुइया जमात आज त्याच नावाने ओळखली जाते.

शहराच्या पाठीशी तीन हजार मीटरहून उंच सान हासिन्तो पर्वत उभा आहे. त्याच्या घळींतून उतरणारे पाणी चर खणून शेतात आणायचे, मका, घेवडा, भोपळा पिकवायचा आणि उन्हाचा ताव वाढला की डोंगरावर चढून जायचे, असे काहुइयांचे वर्ष चाले. पाम कॅन्यनमध्ये आजही ताडासारखी उंच झाडे दाटीने उभी आहेत. त्यांची वाळलेली पाने सहसा गळून पडत नाहीत. खोडाला बिलगून ती घेरदार घागऱ्यासारखी लोंबत राहतात. याच पानांनी काहुइया आपली घरे शाकारीत आणि या झाडाची बारीक काळी फळे खात.

सरकारने रेल्वे कंपनीला लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना एकाआड एक चौरस मैल जमीन बहाल केली होती. १८७६ आणि १८७७ साली राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांनी मधले चौक काहुइयांसाठी राखून ठेवण्यात आले, आणि सारा मुलूख बुद्धिबळाच्या पटासारखा वाटला गेला. झरा ज्या चौकात आहे त्याचा क्रमांक चौदा. त्याला ‘सेक्शन १४’ म्हणतात.

कोरडी हवा छातीच्या विकारांना मानवते म्हणून इथे आधी रुग्ण आले. १९०९ साली नेली कॉफमन यांनी ‘डेझर्ट इन’ हे हॉटेल सुरू केले, मागोमाग चित्रपटसृष्टीतली मंडळी आली आणि १९३८ साली पाम स्प्रिंग्ज रीतसर शहर झाले.

या हॉटेलांतल्या खाटा आवरणारी, बागा शिंपणारी, भिंती रचणारी माणसे बहुतांशी कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन होती. इतरत्र अनेक ठिकाणी खरेदीखतांतच वर्णभेदाच्या अटी असल्याने त्यांना घर मिळत नसे. सेक्शन १४ मध्ये मात्र काहुइया मालक त्यांना जागा भाड्याने देत. मालकांनाही जमीन अल्प मुदतीनेच भाडेपट्ट्याने देण्याची मुभा होती, त्यामुळे पक्के बांधकाम कोण करणार? फळ्या ठोकून उभारलेल्या घरांतच मुले वाढली, चर्च भरली, शेजार जुळले.

वायोला ऑर्टनर यांच्या नेतृत्वाखालील, सर्व सदस्य स्त्रियाच असलेल्या जमातीच्या परिषदेने दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यांसाठी वॉशिंग्टनपर्यंत लढा दिला आणि १९५९ साली ९९ वर्षांच्या पट्ट्यांना कायद्याने मान्यता मिळाली. हक्क न्याय्य होता. परंतु अनेक काहुइयांच्या मालमत्तेवर न्यायालयाने व्यवहार पाहणारे पालक नेमले होते, आणि शहराच्या मध्यावरची ही जमीन आता सोन्याच्या मोलाची झाली होती. भाडेकरूंना बाहेर काढण्यात आले, घरे पाडून जाळण्यात आली, आणि या कामाला शहराची यंत्रणा लावली गेली. कामावरून परतलो तर घर जागेवर नव्हते, असे तिथल्या रहिवाशांनी पुढे सांगितले आहे. १९६८ साली राज्याच्या महाधिवक्ता कार्यालयाच्या अहवालाने या प्रकाराला शहरानेच घडवलेला संहार म्हटले. नगर परिषदेने माफी मागितली ती २०२१ साली. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने पूर्वीच्या रहिवाशांसाठी व त्यांच्या वारसांसाठी ५९ लाख डॉलर मंजूर केले, तेव्हा घर गमावलेली लहान मुले म्हातारी झाली होती आणि त्यांचे आईबाप बहुतेक हयात नव्हते.

त्याच चौकात २०२३ साली काहुइयांनी आपले संग्रहालय आणि झऱ्याच्या पाण्याचे स्नानगृह उघडले. पाहुणे तिथे कुंडात उतरतात, आणि पाणी पूर्वीसारखेच जमिनीच्या पोटातून गरम वर येते.