तोंड येण्याआधी

हा जाळीचा मुखवटा. चेहऱ्याच्या मापाचा, टेबलाला घट्ट बसवलेला, डोकं जागचं हलू नये म्हणून. जिभेच्या, गालाच्या, घशाच्या कॅन्सरचा पेशंट किरणोपचारासाठी (रेडिएशनसाठी) रोज काही मिनिटं याच्याखाली निजतो. आठवड्याचे पाच दिवस, सहा-सात आठवडे. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात: रोज साधारण २ ग्रे, सगळे मिळून ६० ते ७० ग्रे. बोलताना आपण या उपचाराला ‘शेक’ म्हणतो, पण त्या क्षणी चटका बसत नाही. काहीच जाणवत नाही.

जाणवतं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. तोंडाचं आतलं अस्तर सतत नवं होत असतं. आठवड्या-दोन आठवड्यांत वरच्या पेशी झडतात आणि खालच्या थरातून नव्या वर येतात. किरणांचा घाव नेमका त्या खालच्या थरावर बसतो. जुनं झडत राहतं, नवं पुरेसं येत नाही. आधी लाली दिसते. मग जिभेच्या कडेला, गालाच्या आत, साय धरल्यासारखे पांढरट चट्टे. पाण्याचा घोटही उतरत नाही.

‘तोंड आलंय, होईल बरं’ म्हणून सोडून देण्यातली ही गोष्ट नाही. खाणं सुटतं, वजन उतरतं आणि कधी शेकच मध्ये थांबवावा लागतो. त्या खंडात उरलेल्या कॅन्सरच्या पेशी झपाट्याने वाढू लागतात. तोंड सांभाळणं हा उपचाराचाच भाग आहे, तो यासाठी.

आणि त्याची सुरुवात पहिल्या शेकाच्या आधी होते, दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत. घाईत नेमकं हेच राहून जातं, याची फार हळहळ वाटते. किडलेला दात काढायचा असेल, तर जखम भरायला शेकाआधी किमान दोन आठवडे हवेत. नंतर त्याच जबड्यातला दात काढला, तर हाड भरून न येण्याची भीती असते. टोचणारा दात घासून घ्यावा, सैल कवळी काढून ठेवावी. तंबाखू, सिगारेट, दारू त्याच दिवसापासून बंद.

आता हा तांब्या बघा. लिटरभर कोमट पाणी, त्यात खाण्याचा सोडा एक लहान चमचा, मीठ अर्धा. घोट तोंडात घ्यायचा, हळूहळू फिरवायचा, थुंकायचा. दर दोन-तीन तासांनी, जेवणानंतर आणि झोपताना. औषध म्हणावं असं यात काही नाही, पण चिकट लाळ सुटते, अन्नाचे कण निघतात, तोंड ओलं राहतं. ब्रश अगदी मऊ हवा. बाजारातले अल्कोहोलवाले झणझणीत माउथवॉश नकोत, त्यांनी तोंड आणखी कोरडं पडतं आणि चरचरतं.

यापुढचं डॉक्टरांना विचारून. बेंझिडामाइन या औषधाच्या गुळण्या सूज कमी करतात, त्या सुरुवातीपासूनच घ्यायच्या असतात. जिथे सोय आहे तिथे शेकाच्या दिवसांत तोंडाच्या आत मंद लाल लेझरचा प्रकाशही देतात. त्याने दुखत नाही. २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये तोंड येऊ नये यासाठी या दोन्हींचा समावेश आहे.

एवढं करूनही तोंड येऊ शकतं, विशेषतः सोबत केमो असेल तर. तेव्हा दुखणं दाबून ठेवू नका, पहिल्याच दिवशी सांगा. वेदनेवर औषध आहे. पांढरा थर कधी बुरशीचाही असतो, त्याचा इलाज वेगळा.

शेवटच्या शेकानंतर मुखवटा निघतो. तोंडाची आग मात्र आणखी काही दिवस वाढतच राहते, मग दोन ते चार आठवड्यांत, कधी त्याहून उशिरा, ओसरू लागते. तोवर तांब्या उशाशीच असू द्या.