बोंडाची वाइन आणि बाईची हजेरी

(दृश्य: वेंगुर्ल्याजवळचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, काजूची बाग, सकाळ)

मार्च ते मे हा काजूच्या बोंडांचा हंगाम. बी पिळून काढली की बोंड जेमतेम एक दिवस टिकतं, मग खराब होतं. त्यामुळे वेचणी, निवड, धुणं आणि रस काढणं त्याच दिवशी उरकावं लागतं. या कामांवर बहुतेक बायकाच दिसतात. रसाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, म्हणून सगळ्यांच्या अंगात जुने शर्ट.

रस निघाला की पुढचं काम आतल्या खोलीत. टाक्या, रसातली साखर मोजणारा हायड्रोमीटर, नोंदवही, आणि त्यांच्याभोवती गडी. हजेरीही, म्हणजे दिवसाची मजुरी, दोन प्रकारची, गड्याची वेगळी, बाईची कमी. का, तर म्हणे टाकीवर जड उचलावं लागतं. वीस किलोचा क्रेट डोक्यावर घेऊन सडा उतरलेल्या बाईला हे सांगायचं! रस चढवायला तर पंप आहे.

दुसरं कारण हळू आवाजात सांगतात. विटाळ. पाळीत लोणच्याच्या बरणीला शिवायचं नाही, तसंच टाकीलाही. ही समजूत फक्त आपल्याकडची नाही. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवलंय की पाळीच्या स्पर्शाने नवी वाइन आंबते.

(दृश्य: कॅनचं तोंड, जवळून)

आता वाइन खरंच कशाने आंबते ते बघा. गाळ खाली बसला, वरची वाइन दुसऱ्या कॅनमध्ये घेतली. वीस लिटरच्या कॅनमध्ये अठराच भरली. वर दोन लिटर हवा राहिली. अॅसिटिक जिवाणूंना हवाच लागते, आणि त्यांना घेऊन येतात बोंडांवरची चिलटं. आठवड्या-दोन आठवड्यांत व्हिनेगरचा वास. उपाय साधा आहे. लहान कॅन घ्या, गळ्यापर्यंत भरा, एअरलॉकमधलं, म्हणजे वायू बाहेर सोडून हवा आत न येऊ देणाऱ्या बुचातलं, पाणी आटू देऊ नका.

सुरुवातही तितकीच काटेकोर. बोंडाचा रस तुरट असतो. लिटरला साधारण पाच ग्रॅम साबुदाण्याची पेज घालून ठेवली की तुरटपणा गाळात बसतो. मग नको ते जंतू मारायला वीस लिटरला तीन ते चार ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. यीस्ट लगेच घालू नका, तेही मरतं, रात्रभर थांबा. साखर घालून ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा टक्का, बावीसच्या आसपास आणा. आणि इथे हमखास चूक होते: बरीचशी हायड्रोमीटर २० अंश तापमानासाठी आखलेली असतात. एप्रिलमधल्या तीस अंशांच्या रसात आकडा सुमारे पाऊण ब्रिक्स कमी दिसतो, आणि माणूस साखर वाढवत बसतो.

हे सगळं शिकायला एक हंगाम पुरतो. शिकवलं तर. म्हणून पहिला बदल वहीत करा: मोजमाप जिने घेतलं तिचं नाव आणि सही त्याच ओळीत. टाकी बिघडली की मग "बाई आत गेली होती" ऐकावं लागत नाही. कोणत्या तारखेला कॅन अर्धा राहिला ते वाचता येतं.

दुसरा बदल चव देण्याच्या टेबलावर. पाहुणे ग्लास भरणाऱ्या बाईला ओलांडून खोकी उचलणाऱ्या गड्याला विचारतात, "वाइन कोण बनवतं?" गड्याने उत्तर द्यायला सुरुवात केली की ती बाई पुन्हा वाढपी ठरली. त्याने म्हणावं, "टाकी त्यांची आहे, त्यांना विचारा," आणि बाजूला व्हावं. हे आधी ठरवून ठेवावं लागतं, ऐन वेळी सुचत नाही. "मग तुम्ही पिता का?" हा प्रश्न येणारच. टेबलावर थुंकायचं भांडं ठेवा. चव घेणारा घोट थुंकतो, हे तिने एकदा करून दाखवलं की प्रश्न तिथेच संपतो.

पाहुण्याचा हात तिच्या खांद्यावर आला, तर तो मालकाच्याही जबाबदारीचा विषय. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा हंगामी आणि रोजंदारीवरच्या बायकांनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली तर अंतर्गत समिती हवीच. कमी असली, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असली, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत. तारीख, वेळ, शेजारी कोण होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा.

आणि "दारूच्या धंद्यात बाईला कायद्यानेच मनाई" असं कुणी म्हणालं, तर दारू प्यायली जाते अशा जागी बाईला कामाला ठेवू नये, हे पंजाबच्या १९१४च्या कायद्यातलं कलम सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच अवैध ठरवलंय.

(दृश्य: हायड्रोमीटर रसात तरंगतोय. आकडा स्थिरावतो. वहीत नवी ओळ, तारीख, तापमान, सही.)