झाकण बंद होतच नाही

हा काळा मुंगळा दिसतोय ना स्क्रीनवर, त्याच्यावरच नजर ठेवा. दुपारचे दोन वाजलेत, गोव्यात वाळपईतल्या आमच्या घराची पडवी, ऑगस्ट चालू आहे पण आज सकाळपासून पावसाने चक्क उघडीप दिलीय, आणि हा पठ्ठ्या माझ्या घटपर्णीच्या त्या लटकणाऱ्या सुरईच्या काठावर आरामात फेऱ्या मारतोय. काठावर मकरंद आहे, तो चाटतो, दोन पावलं पुढे जातो, परत चाटतो, आत डोकावतोसुद्धा. पडत मात्र नाही. पोट भरलं की दांडीवरून खाली उतरून सरळ घरी.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं आपण फसलो. मांसाहारी झाड म्हणून पैसे मोजले आणि हे तर फुकट खानावळ चालवतंय!

आता हा शॉट, त्याच दिवशी चार वाजता. मधे एक सर येऊन गेलीय. काठ तोच, मुंगळे बहुतेक तेच, फक्त काठ ओला आहे. बघा... गेला. त्याच्या मागचा पण गेला. तो तिसरा धरून ठेवतोय, मागचे पाय सुटले, आणि... गेला.

काठावर ह्या ज्या रेषा दिसतात ना, त्यांच्यात आणखी बारीक पन्हळी असतात, त्या मायक्रोस्कोपशिवाय दिसत नाहीत. पाणी त्यांच्यात पसरतं आणि अख्ख्या काठावर एक पातळ थर धरून बसतं. मग मुंगीचा पाय झाडाला टेकतच नाही, पाण्यावरच घसरतो. श्रावणात शेवाळ धरलेल्या जांभ्याच्या पायऱ्यांवरून जो कोणी एकदा तरी आपटलाय त्याला हे वेगळं समजवायची गरज नाही. 2004 साली बोर्निओतल्या एका जातीवर हे संशोधकांनी दाखवून दिलं, त्याआधी सगळं श्रेय आतल्या मेणाला मिळायचं. मेण असतंच पुष्कळ जातींत, आतल्या भिंतीच्या वरच्या भागात, पायाखाली भुगा होऊन निसटणारं, पण मोठा घात काठावर होतो.

आणि खरी गंमत दुपारच्या खानावळीत आहे. कोरड्या वेळी जी मुंगी सहीसलामत घरी जाते ती तिकडे जाऊन बातमी देते आणि मागून रांग घेऊन येते. तेवढ्यात सर आली की रांगच्या रांग आत. म्हंजे सापळा दिवसातले कित्येक तास निसरडा नसणं हेच फायद्याचं.

शाळेत आम्हाला सांगितलं होतं, घटपर्णीत किडा शिरला की वरचं झाकण खाटकन बंद होतं. नाही होत हो! मी काडीने टोचून बघितलंय, हलत नाही ते. सुरई कोवळी असताना झाकण मिटलेलं असतं आणि आतलं पाणी तेव्हाच तयार होतं, झाडाचं स्वतःचं. एकदा उघडलं की उघडलं. त्यानंतर त्याचं काम छत्रीचं, पाऊस थेट आत पडून पाचक रस पातळ होऊ नये म्हणून. लटकलेल्या सुरईला लोक फूल समजतात तेही चूक, तो पानाचा शेंडा आहे. पानाची मधली शीर पुढे दोरीसारखी वाढते आणि तिच्या टोकाला ही सुरई फुगते.

वाळलेली एक सुरई मी ब्लेडने उभी चिरली, ती ही. खालच्या अर्ध्या भागात टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतायत, त्या ग्रंथी, त्यातून प्रथिनं फोडणारा रस सुटतो आणि त्यातूनच नायट्रोजन आत शोषला जातो. तळाशी हा काळा गाळ, त्यात मुंग्यांची रिकामी डोकी, पाय, पंख. वास नका विचारू.

शेजारच्या काकी बघून म्हणाल्या, "अरे, हे झाड किडे खातं म्हणतोस, मग तुमच्या पडवीत डास एवढे कसे?" बरोबर पकडलं त्यांनी. उलट काही डासांच्या अळ्या जंगलात ह्याच पाण्यात वाढतात, कोणी पचवत नाही त्यांना.

आता माझी चूक सांगतो. नर्सरीतून आणलं तेव्हा मिळाला सल्ला, दर पंधरा दिवसांनी खत द्या. दिलं. महिनाभरात सुरया एकेक करून तपकिरी पडल्या, नवीन पानांच्या टोकाला नुसत्या दोऱ्या. खायला मिळतंय तर सुरई कशाला करेल ते, आणि वर मुळं करपली ते वेगळंच. ह्या झाडाचा अख्खा संसार उपाशी जमिनीवर उभा आहे. जिथे पाऊस सगळे क्षार धुऊन नेतो तिथे दुसरी झाडं रडतखडत जगतात आणि हे आयत्या येणाऱ्या किड्यांवर भागवतं. आता फक्त पागोळ्यांचं पाणी, खत बंद, आणि झाड परत सुरया धरतंय.

माझं झाड नर्सरीतलं हायब्रीड. आपल्या देशात जंगली घटपर्णी एकच, नेपेंथिस खासियाना, आणि ती मेघालयात, खासी, जैंतिया आणि गारो टेकड्यांवर. गारो लोक तिला मेमांग-कोकसी म्हणतात, भुताची टोपली. नाव ठेवणाऱ्याने सुरईत नीट डोकावून बघितलेलं असणार. ती धोक्यात आहे, कायद्याने संरक्षित आहे, दक्षिण गारोतल्या बाघमाऱ्याला तिच्यासाठी छोटंसं अभयारण्य आहे. केरळच्या पालोडमधल्या शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये दाखवलं की अतिनील प्रकाशात तिच्या सुरईचा काठ निळा चमकतो. बोर्निओतल्या एका नातेवाइकाने तर किडे जवळपास सोडलेतच, नेपेंथिस लोवीच्या सुरईवर चिचुंद्रीसारखा दिसणारा एक प्राणी येतो, झाकणाखालचं गोड चाटतो आणि तिथेच बसून शी करतो. झाडाला तेवढं पुरतं. कमोडच म्हणा.

गोव्यात जंगली घटपर्णी नाही. पण चतुर्थीच्या आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळा-फुलांचं, सामान आणायला सड्यावर गेलात तर जरा पायाखाली बघा. जांभ्याचा कातळ, त्यावर बोटभर माती, तीही पावसाने धुतलेली, लोक ह्याला पडीक म्हणतात. आणि त्याच पडीक जागेवर ही निळीजांभळी फुलं, सीतेची आसवं. दिसायला गरीब, पण ओल्या मातीत ह्यांना डोळ्याला जेमतेम दिसतील असे फुगे असतात आणि पाण्यातला बारीक जीव दाराशी धडकला की सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आत खेचला जातो. झाकण खाटकन बंद होणारं झाड शोधत होतात ना, ते हे, कुठल्या लांबच्या जंगलात नाही.

शेवटचा शॉट घ्यायला मी त्या सड्यावर पालथा पडलोय, कोपर कातळाने सोलून निघालं. हे दवबिंदू, तेही किडे खाणारं रोपटं. पानावरच्या केसांच्या टोकावर लाल चिकट थेंब, त्यात एक चिलट अडकलंय, अजून एक पाय हलवतंय, आणि हे आजूबाजूचे केस बघा, कॅमेरा फास्ट केलाय मी इथे, एकेक करून त्याच्याकडे वळतायत...

पावसाचा थेंब पडला लेन्सवर. थांबा, पुसतो.