जुन्या गेमचं नाव विकत घेणाऱ्याच्या हाती काय पडतं?

श्रोतेहो, नमस्कार.

२०१२ सालची गोष्ट. स्टीफन किक नावाचा तरुण नोकरी सोडून मध्य अमेरिकेत भटकत होता. ग्वाटेमालात असताना त्याला 'सिस्टम शॉक २' हा जुना व्हिडिओ गेम पुन्हा खेळावासा वाटला. तो काही मिळेना, कारण कुठे विक्रीलाच नव्हता. मालक कोण म्हणून शोध घेत तो पोचला एका विमा कंपनीच्या दारात! गेम बनवणारा लुकिंग ग्लास स्टुडिओ २००० साली बंद पडला आणि हक्क फिरत फिरत विमावाल्यांच्या पदरात पडले. किकने बोलणी केली, नाइटडाइव्ह ही कंपनी काढली आणि २०१३ मध्ये गेम पुन्हा विक्रीला आणला. २०२३ मध्ये अटारी या जुन्या गेम कंपनीने नाइटडाइव्हच विकत घ्यायचं ठरवलं. सुरुवातीचा मोबदला होता एक कोटी डॉलर.

आज मोठ्या गेमचं बजेट सहज दहा कोटी डॉलरच्या पुढे जातं. एवढा पैसा ओतून नवं, अनोळखी नाव बाजारात उतरवायचं म्हणजे छातीत धडकी भरते. जुन्या नावाची ओळख मात्र आधीच झालेली असते. शिवाय जुने गेम किरकोळ खर्चात विकले जात राहतात.

'फॉलआउट' या गेमचं बघा. कर्जात बुडालेल्या इंटरप्ले या गेम कंपनीकडून बेथेस्डा या दुसऱ्या कंपनीने २००७ मध्ये हे नाव घेतलं, साडेसत्तावन्न लाख डॉलरना. पुढच्याच वर्षी 'फॉलआउट ३' आला आणि तुफान चालला. पुढे बेथेस्डाची मालक कंपनी झेनिमॅक्स मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरना घेतली. त्या गाठोड्यात हेही नाव होतं. २०२४ मध्ये ॲमेझॉनवर त्यावरची मालिका आली, तेव्हा वर्षानुवर्षं जुने 'फॉलआउट' पुन्हा खपू लागले.

पण हेच नाव इंटरप्लेकडेही होतं ना? त्यांना ते तारू शकलं नाही. म्हणून नुसत्या आठवणींना भाव असतो, हे मला पटत नाही.

उलटं उदाहरणही आहे. 'सेंट्स रो' ही गेमची मालिका बनवणारा व्होलिशन हा स्टुडिओ टीएचक्यू या त्याच्या मालक कंपनीच्या दिवाळखोरीत, २०१३ च्या लिलावात, दोन कोटी तेवीस लाख डॉलरना गेला. २०२२ मध्ये मालिका नव्याने सुरू करायचा प्रयत्न फसला आणि वर्षभराने स्टुडिओला टाळं लागलं. नाव मालकाकडेच राहिलं. ते घडवणारी माणसं मात्र पांगली.

आता जरा कपाट उघडून बघू. नाव घेतलं म्हणजे आतला माल मिळाला, असं नाही. 'सायलेंट हिल'च्या जुन्या गेमची एचडी आवृत्ती २०१२ मध्ये निघाली, तेव्हा त्याची मालक कंपनी कोनामीकडे अंतिम सोर्स कोडच, म्हणजे गेमचा मूळ प्रोग्रॅमच, नव्हता. अर्धवट कोडवर काम करणाऱ्यांना, मूळ मंडळींनी कधीच निस्तरलेल्या चुका पुन्हा निस्तराव्या लागल्या. दुसरं दुखणं गाण्यांचं, आणि ते आम्हा रेडिओवाल्यांना सांगायला नको. 'ॲलन वेक' या गेममधल्या गाण्यांच्या परवान्यांची मुदत संपली, म्हणून २०१७ मध्ये तो विक्रीतून काढावा लागला. परवाने नव्याने मिळाल्यावर पुढच्या वर्षी परतला. कधी तर नावातच खोट निघते. 'होमवर्ल्ड: कॅटॅक्लिझम' हा जुना गेम २०१७ मध्ये पुन्हा विक्रीला आला तो 'होमवर्ल्ड: इमर्जन्स' होऊन, कारण कॅटॅक्लिझम हा ट्रेडमार्क तोवर ब्लिझार्ड या दुसऱ्याच गेम कंपनीचा झाला होता. दाखवायला सुंदर घर आणि किल्ली भलत्याच्याच खिशात, असा हा प्रकार.

म्हणून मुरलेला खरेदीदार आधी कागद तपासतो: ट्रेडमार्क कोणाचा, कोड कोणाकडे, गाणी किती वर्षांसाठी. खेळणाऱ्यांचं प्रेम त्यानंतर.

कागदच सापडले नाहीत तर? 'नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर' हा २००० सालचा गेम. त्यात साठच्या दशकातली एक महिला गुप्तहेर आहे, आणि विनोद अजूनही ताजा वाटतो. तोही परत आणायचा, म्हणून नाइटडाइव्हने खटपट केली. ॲक्टिव्हिजन, वॉर्नर, फॉक्स, तिन्ही कंपन्यांची दारं ठोठावली. हक्क नक्की कोणाकडे, हे कोणीच ठामपणे सांगेना, आणि सोडूनही देईना. गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं होतं. शेवटी नाइटडाइव्हने तो नाद सोडला.

नमस्कार.